शांतिब्रह्म नाथमहाराज आणि भारुडातला अर्थ



एकनाथमहाराज पैठणचे. पंढरीचे थोर भक्त भानुदास हे त्यांचे पणजोबा. आईबाप लहानपणीच गेले, आजाआजींनी सांभाळलं. पोरवयातच ते देवगिरीला जनार्दनस्वामींच्या सेवेत राहिले. पुढे गुरूंच्या आज्ञेने गिरिजाबाईंशी लग्न केलं नि पैठणात राहून संसार नि परमार्थ दोन्ही केले.

शके १४९५ साली काशीला एकनाथी भागवत पुरं झालं. शके १५०६ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची पाठभेद काढून शुद्ध प्रत केली. एवढा विद्वान माणूस, पण आपल्यासारख्या नांगरधाऱ्याला कळावं म्हणून त्याने वासुदेव, जोशी, गोंधळी यांची बोली घेतली. तेच भारूड.

भारूड समजायला चार शब्द ठाऊक हवेत. ते आपल्या खारबंदिस्तीवरच सांगतो.

मन बांधासारखं आहे म्हटलं, तर ती उपमा. तिथं 'सारखं' येतं.

मनाच्या बांधाला खांड गेली नि खारं पाणी आत शिरलं म्हटलं, तर ते रूपक. 'सारखं' गळून पडलं, मनच बांध झालं.

शेतकऱ्याने खेकड्याचं बीळ बुजवलं नाही, पुनवेच्या उधाणाला तिथूनच बांध फुटला, भातशेती खारी झाली. तसाच मनातला बारीक राग वेळीच बुजवावा. हा दृष्टांत. आधी गोष्ट, मग 'तसं'.

चौथी आख्यायिका, म्हणजे थोरांविषयी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली गोष्ट. कावडीतलं काशीचं गंगाजल नाथांनी तहानलेल्या गाढवाला पाजलं, ही आख्यायिका. श्राद्धाचं अन्न त्यांनी शिवू नये म्हटलेल्या भुकेल्यांना वाढलं, हीही.

विंचवाचं भारूड रूपकाचं आहे. विंचू म्हणजे काम नि क्रोध. त्याचं विष मांत्रिकाने उतरत नाही, सत्त्वगुणाने उतरतं. सोंग घेणारा कळवळतो, आपण पोट धरून हसतो. हसावंच, नाथांनी त्यासाठीच ते रचलं. पण हसून तसेच घरी गेलो, तर विंचू पदरात घेऊन गेलो असं समजा. नि गाढवाच्या गोष्टीला मान डोलावून पाणवठ्यावर माणसाची जात विचारली, तर ती गोष्ट कानातच राहिली, काळजात उतरली नाही.

शके १५२१, फाल्गुन वद्य षष्ठीला महाराजांनी गोदामाईत देह ठेवला. आजही नाथषष्ठीला पैठणला दिंड्या जमतात.

दिंडीच्या शंभराव्या वर्षी तरुण मंडळींना एवढंच सांगणं. सप्ताहात भारूड झालं की टाळ खाली ठेवण्याआधी एकाने उठावं, विंचू कोण, उतारा कोणता, हे दोन शब्दांत सांगावं. सोंग पोरं उचलतीलच. अर्थ मात्र सांगितल्याशिवाय पुढच्या पिढीच्या हाती लागत नाही.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल!