न्या. हिदायतुल्ला : सहीचा अधिकार आणि निकालाचा अधिकार

रायपूरहून सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यांमधून जाणारा महामार्ग बिलासपूरच्या उच्च न्यायालयाकडे जातो. २००० साली ते स्थापन होण्यापूर्वी या पट्ट्यातील पक्षकारांना जबलपूर गाठावे लागे आणि १९५६ पूर्वी नागपूर. त्या नागपूर न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला रायपूरच्याच सरकारी शाळेत शिकलेले होते.

१९०५ साली जन्मलेले हिदायतुल्ला नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून केंब्रिजला गेले आणि १९३० मध्ये नागपुरातच वकिलीला उभे राहिले. १९४३ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचे महाअधिवक्ता, १९४६ मध्ये न्यायाधीश, १९५४ मध्ये मुख्य न्यायाधीश. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, रायपूर मध्य प्रदेशात राहिले. हिदायतुल्ला नव्या न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीश म्हणून जबलपूरला गेले. १९५८ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात आले.

त्यांची खरी ओळख १९६६ च्या मिरजकर खटल्यात पटते. मुंबईत एका अब्रूनुकसानीच्या दाव्याची सुनावणी करताना न्या. तारकुंडे यांनी एका साक्षीदाराची साक्ष वृत्तपत्रांनी छापू नये, असा तोंडी आदेश दिला. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्यासह नऊपैकी आठ न्यायमूर्तींनी हा अधिकार मान्य केला. हिदायतुल्ला एकटे विरोधात गेले. न्यायालयाचा आदेशही नागरिकाच्या मूलभूत हक्काला बाधा आणू शकतो, ही त्यांची भूमिका न्यायसंस्थेलाच अडचणीची होती. अर्थात ते सर्वत्र उदार नव्हते. लॉरेन्सच्या कादंबरीवरून मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याला झालेली शिक्षा १९६४ मध्ये त्यांच्याच निकालाने कायम झाली होती.

१९६८ मध्ये ते सरन्यायाधीश झाले. पुढच्या मे महिन्यात राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले आणि २० जुलैला उपराष्ट्रपती गिरी यांनी निवडणूक लढवण्यासाठी राजीनामा दिला. काँग्रेस फुटीच्या उंबरठ्यावर असताना सरन्यायाधीशांनाच ३५ दिवस राष्ट्रपतिपद सांभाळावे लागले. बँक राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकावर ९ ऑगस्टला सही झाली ती त्यांची. या कायद्याला आव्हान मिळाले, तेव्हा अकरा न्यायमूर्तींच्या पीठावर सरन्यायाधीश नव्हते. न्या. शहा यांच्या नेतृत्वाखालील पीठाने १० फेब्रुवारी १९७० रोजी तो कायदा रद्द ठरवला. संस्थानिकांच्या तनख्याच्या प्रकरणात असा अडसर नव्हता. तेथे त्यांनी स्वतः पीठाचे नेतृत्व केले आणि निवृत्तीच्या आदल्या दिवशी, १५ डिसेंबर १९७० रोजी, बहुमताच्या बाजूने सरकारविरुद्ध कौल दिला.

निवृत्तीनंतर राजकीय पद घ्यावे काय, हा प्रश्न त्यांच्याही बाबतीत उरतोच. मात्र १९७९ मध्ये ते उपराष्ट्रपती झाले ते सर्वोच्च न्यायालय सोडल्यावर नऊ वर्षांनी, आणि बिनविरोध. १९९२ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. रायपूरचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ आज त्यांच्या नावाने चालते.