तडा शोधणारा माणूस

मोबाइल हातातून निसटतो. उचलून बघावं तर स्क्रीनच्या कोपऱ्यात केसाएवढी बारीक रेघ. चालतंय ना, म्हणून आपण तसाच वापरतो आणि काही दिवसांत ती रेघ स्क्रीनभर पसरते. असं का होतं, याचं गणित शंभर वर्षांपूर्वी ब्रिटनमधल्या एका सरकारी नोकराने मांडलं. त्याचं नाव ॲलन अरनॉल्ड ग्रिफिथ. मेकॅनिकलला असाल तर ग्रिफिथचा तड्याचा सिद्धांत परीक्षेसाठी घोकला असेलच. पण गॅस टर्बाईन नावाचं यंत्र कामाचं झालं त्यातही याच माणसाचा मोठा वाटा आहे, आणि ते यंत्र काही वर्षं मागे पडलं त्यातही!

ग्रिफिथचा जन्म १३ जून १८९३ रोजी लंडनमध्ये झाला. लिव्हरपूल विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनीअरिंग करून १९१५ मध्ये तो फार्नबरोच्या सरकारी विमान कारखान्यात उमेदवार म्हणून लागला. पहिलं महायुद्ध सुरू होतं. विमानाच्या दांड्याला पीळ बसला की ताण नेमका कुठे येतो, हा तिथला रोजचा प्रश्न. गणित किचकट होतं. ग्रिफिथने जी. आय. टेलर यांच्याबरोबर साबणाच्या पाण्याचा पातळ पडदा ताणला आणि त्याच्या फुगवट्यावरून उत्तर काढलं. फार्नबरोत त्याला साबणाचा फुगा असं टोपणनावच पडलं.

मग तो काचेकडे वळला. काच हिशेबाने जेवढी मजबूत असायला हवी, त्याच्या कितीतरी कमी ताणाला ती फुटते. ग्रिफिथने काचेचे अतिशय बारीक धागे ओढले. धागा जितका बारीक, तितका मजबूत! म्हणजे दोष काचेत नव्हता, तिच्यातल्या न दिसणाऱ्या चिरांत होता. अशा चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो आणि ती एका मर्यादेपलीकडे गेली की आपली आपणच पळत सुटते. हा निबंध १९२१ मध्ये छापला गेला, तेव्हा तो २७-२८ वर्षांचा होता. त्या वेळी फार कुणी लक्ष दिलं नाही. आज पूल, जहाजं, विमानं यांची सुरक्षितता त्यावर तपासली जाते.

आता टर्बाईनची गोष्ट. हवा आत ओढायची, दाबायची, तिच्यात इंधन जाळायचं आणि तापलेला वायू पात्यांवर सोडायचा. पाती फिरतात, त्यांच्या जोरावर जनित्र फिरतं. ऐकायला सोपं. ग्यानबाची मेख अशी, की टर्बाईन जेवढी ताकद कमावते त्यातली निम्म्याहून जास्त हवा दाबणारा काँप्रेसरच खाऊन टाकतो. काँप्रेसर ढिसाळ असेल तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हणूनच तोवरचे बहुतेक प्रयोग फसले होते.

ग्रिफिथने १९२६ मध्ये एका अहवालात कारण सांगितलं. जुन्या यंत्रांची पाती चुकीच्या आकाराची होती. हवा त्यांच्या पाठीवरून सुटायची, भोवरे व्हायचे आणि ताकद वाया जायची. पात्याला विमानाच्या पंखासारखा आकार द्या, म्हणजे हवा चिकटून वाहील, हा त्याचा मुद्दा. सरकारी खर्चाने छोटी मॉडेलं बनली, चाचण्या झाल्या आणि हिशेब बरोबर निघाला. पण १९३० मध्ये सरकारी समितीला पूर्ण इंजिनावर खर्च करणं पटलं नाही. काम थांबलं ते सहा-सात वर्षं!

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. १९२९ मध्ये हवाई दलातला २२ वर्षांचा अधिकारी फ्रँक व्हिटल आपली जेट इंजिनाची कल्पना घेऊन हवाई मंत्रालयात आला. तपासायला ती गेली ग्रिफिथकडे. त्याने हिशेबातली चूक दाखवली आणि कल्पना व्यवहार्य नाही असं मत दिलं. चूक खरीच होती. पण मूळ कल्पना बरोबर होती. मंत्रालयाने हात झटकले. पुढे १९३५ मध्ये पेटंटच्या नूतनीकरणाचे पाच पौंड भरायलाही मंत्रालय तयार झालं नाही आणि ते पेटंट सुटलं. व्हिटलने खासगी पैसे जमवून एप्रिल १९३७ मध्ये इंजिन चालवून दाखवलं.

काचेतली न दिसणारी चीर हेरणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या कल्पनेतली फक्त चीरच दिसली. असं आपल्याकडेही होतं ना?

पण ग्रिफिथची गोष्ट इथे संपत नाही. सहकारी हेन कॉन्स्टंट यांच्या आग्रहाने फार्नबरोत त्याच्या काँप्रेसरचं काम पुन्हा सुरू झालं. वीजकेंद्रांसाठी वाफेच्या टर्बाईन बनवणारी मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स ही कंपनी सोबत आली आणि त्यांचं इंजिन १९४३ मध्ये विमानावर उडालं. ग्रिफिथ स्वतः १९३९ मध्येच रोल्स-रॉइसमध्ये गेला होता. तिथे त्याने आधी उलटसुलट फिरणाऱ्या चक्रांचं फारच गुंतागुंतीचं इंजिन आखलं. ते काही जमलं नाही. मग त्याच्याच विचारातून साधं एव्हॉन इंजिन आलं. भारतीय हवाई दलाची हंटर आणि कॅनबेरा विमानं याच इंजिनावर उडायची.

१३ ऑक्टोबर १९६३ रोजी ग्रिफिथ गेला. पुढच्याच वर्षी एव्हॉनची जमिनीवर चालणारी आवृत्ती कामाला लागली. विजेची मागणी एकदम वाढली की काही मिनिटांत सुरू होणारी जनित्रं तिच्यावर चालली.

१९३९ मध्ये स्वित्झर्लंडच्या नॉशातेल गावात वीज बनवणाऱ्या पहिल्या गॅस टर्बाईनची कार्यक्षमता १७.४ टक्के भरली होती. आज टर्बाईनच्या गरम धुरावर वाफ करून पुन्हा वीज काढणारी नवी केंद्रं ६० टक्क्यांच्या पुढे गेली आहेत. आपल्या उरणच्या वायू विद्युत केंद्रातही अशीच जोडगोळी आहे. तिथली पाती पंखाच्या आकाराची असतात आणि त्यांच्यात चिरा पडल्यात का, हे तपासलं जातं. दोन्हीकडे ग्रिफिथ आहेच.

उद्या तुमची कल्पना कुणी एका चुकीपायी बाद केली, तर चूक आधी दुरुस्त करा, पण कल्पना सोडू नका. आणि उद्या तपासणाऱ्याच्या खुर्चीत तुम्ही असाल, तर चीर जरूर दाखवा. फक्त तिच्यापायी अख्खी काच फेकून देऊ नका.