फादर ग्रेगोर मेंडेल आणि त्यांचा घेवडा

आपल्या कोल्हापूरच्या मंडईंत श्रावण घेवड्याच्या कोंवळ्या शेंगा येतात. वाण्याच्या दुकानांत राजम्याचे तांबडे दाणे मिळतात. आणि सातारा जिल्ह्यांत कोरेगांवकडे रेघारेघांचा वाघ्या घेवडा पिकतो. हीं सर्व एकाच वनस्पतीचीं रूपें होत. एका जातींत इतके भेद कसे उपजतात, आणि आईबापांचे गुण संततींत कोणत्या नियमानें उतरतात, याचा उलगडा प्रथम ज्यांनीं केला ते एका मठांतील धर्मगुरु होते.

योहान मेंडेल यांचा जन्म जुलै १८२२ मध्यें, तेव्हांच्या ऑस्ट्रियन साम्राज्यांतील व आजच्या चेक प्रजासत्ताकांतील एका खेड्यांत, शेतकऱ्याच्या घरीं झाला. शिक्षणाचा खर्च झेपेना, तेव्हां धाकटी बहीण थेरेसिया हिनें आपल्या लग्नासाठीं राखलेल्या धनांतील वांटा भावास दिला. तें ऋण ते विसरले नाहींत. पुढें तिच्या मुलांच्या शिक्षणाचा भार त्यांनीं वाहिला. १८४३ सालीं ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठांत त्यांनीं प्रवेश केला व ग्रेगोर हें नांव धारण केलें. १८४७ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. आजाऱ्यांच्या समाचाराचें काम त्यांच्या हळव्या मनास सोसेना, म्हणून मठाधिपति नाप यांनीं त्यांस शिक्षकाच्या कामावर पाठविलें. शिक्षकाच्या सरकारी परीक्षेंत मात्र दोन्ही वेळां त्यांच्या पदरीं यश आलें नाहीं.

१८५६ पासून आठ वर्षें त्यांनीं मठाच्या बागेंत वाटाण्याचे प्रयोग केले. गुळगुळीत व सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाणांचा संकर केला असतां पहिल्या पिढींत सर्व दाणे गुळगुळीत निघाले. दुसऱ्या पिढींत ५,४७४ गुळगुळीत व १,८५० सुरकुतलेले, म्हणजे सुमारें तीनास एक, असें प्रमाण पडलें. लोपलेला गुण नाहींसा झालेला नसतो, तो दडून राहतो आणि चारांत एकाच्या हिशेबानें पुन्हां प्रगट होतो, हें त्यांनीं मोजून दाखविलें.

हा नियम केवळ वाटाण्याचा कीं इतर वनस्पतींचाही, हें पाहण्यासाठीं त्यांनीं घेवडा हातीं घेतला. बुटका घेवडा व वेलीचा घेवडा यांच्या संकरांत वाटाण्याचाच नियम दिसला. मग पांढऱ्या फुलांच्या बुटक्या घेवड्याचा गडद तांबड्या फुलांच्या दुसऱ्या जातीच्या घेवड्याशीं त्यांनीं संकर केला. संकराच्या सतरा झाडांवर शेंकडों फुलें आलीं, परंतु बीं मिळालें तें अवघें ४९ दाणे. त्यांतून ४४ झाडें उगवलीं आणि ३१ फुलावर आलीं. झाडाची उंची व शेंगेचा आकार यांत तीनास एक हें प्रमाण जवळजवळ जुळलें. फुलांचा रंग मात्र जांभळ्या तांबड्यापासून फिकट जांभळ्यापर्यंत नाना छटांचा झाला, आणि निखळ पांढऱ्या फुलांचें झाड एकच निघालें.

हा अवघड प्रयोग गाळून टाकणें सोपें होतें. मेंडेल यांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं तो आंकड्यांसह मांडला आणि त्यावर एक तर्क सुचविला. तांबडा रंग एका घटकाचा नसून दोन किंवा अधिक स्वतंत्र घटकांचा असेल, तर ते सारे वगळले जातील तेव्हांच फूल पांढरें होईल. घटक दोन असतील, तर चारांत एक व त्यांतही पुन्हां चारांत एक, म्हणजे सोळांत एक झाड पांढरें निघावें. एका गुणामागें अनेक घटक असूं शकतात, हें आज सर्वमान्य झालेलें तत्त्व या तर्कांत आलेलें आहे.

१८६५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत त्यांनीं हा निबंध ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढें वाचला; १८६६ सालीं तो छापला गेला. विद्वानांनीं त्याची फारशी दखल घेतली नाहीं. १८६८ सालीं ते मठाधिपति झाले, आणि पुढें मठावरील करासंबंधीं सरकारशीं चाललेल्या वादांत त्यांचीं वर्षें गेलीं. ६ जानेवारी १८८४ रोजीं त्यांचें देहावसान झालें. १९०० सालीं युरोपांतील तीन संशोधकांनीं त्यांचें कार्य पुन्हां उजेडांत आणलें. डेन्मार्कचे योहान्सेन यांनीं घेवड्याच्याच दाण्यांवर प्रयोग करून १९०३ सालीं दाखविलें कीं, शुद्ध वाणांत मोठे दाणे निवडून पेरले तरी पुढील पिढी मोठ्या दाण्यांची होत नाहीं. कारण तो भेद जमीनपाण्याचा असतो, वंशाचा नसतो. ‘जीन’, म्हणजे जनुक, हा शब्दही १९०९ सालीं त्यांनींच दिला. २०१४ सालीं घेवड्याच्या अकरा गुणसूत्र-जोड्यांतील जनुकांचा आराखडा प्रसिद्ध झाला.

मेंडेल यांस हयातींत कीर्ति लाभली नाहीं. जें जुळलें तें आणि जें जुळलें नाहीं तेंही त्यांनीं सारख्याच निष्ठेनें लिहून ठेविलें, आणि म्हणूनच तें पुढीलांच्या उपयोगीं पडलें. आपापलें काम अशाच सचोटीनें करणें, हें त्यांच्या चरित्रापासून प्रत्येकानें घेण्यासारखें आहे.