‘मारुती ८००’च्या आधीचे सुझुकी: माग विकणाऱ्याने इंजिन का निवडलं?
सिंधुदुर्गात ‘एमएच-०७’ पाटीची जुनी मारुती ८०० गॅरेजात दुसऱ्या इंजिनाची वाट बघत उभी दिसली, की त्या इंजिनामागचे मिचिओ सुझुकी आठवतात. जन्म १८८७, जपानमधलं शेतकरी कुटुंब, हाताला सुतारकाम. १९०९मध्ये हामामात्सुत त्यांनी कापड विणायचे माग बनवायला घेतले.

१९३७ला ते मोटारीकडे वळले. ८०० सीसीच्या आतल्या इंजिनाच्या छोट्या गाड्या तयारही झाल्या; महायुद्धात सरकारने मोटारी अनावश्यक ठरवल्या आणि सगळं थांबलं. १९५१ला कापूस बाजार कोसळला, मागांचाही धंदा बसला. मग १९५२मध्ये ३६ सीसीचं इंजिन थेट साध्या सायकलवर! नको तेव्हा इंजिन सोडवून नुसतं पेडल मारता यायचं. (हा जुगाड आपल्याला नवा नाही.) १९५५ला ३६० सीसीची ‘सुझुलाइट’ कार आली.

मारुतीशी करार २ ऑक्टोबर १९८२ला झाला. २७ ऑक्टोबरला मिचिओ गेले. ७९६ सीसीची ‘८००’ डिसेंबर १९८३मध्ये आली.