नर्सीचा शिंपी आणि कच्चे मडके

बैठक संपल्यावर खरी बैठक सुरू होते, हा आपल्या चळवळीतला जुना अनुभव आहे. समोर सगळे माना डोलावतात आणि मग बाहेर चहाच्या टपरीवर, ज्याचे चुकले त्याच्या पाठीमागे, सगळे बोलून होते. सातशे वर्षांपूर्वी हिंगोली जिल्ह्यातल्या एका शिंप्याच्या बाबतीत उलटे घडले. त्याची उणीव भर मंडळीत, त्याच्या तोंडावर सांगितली गेली. त्या शिंप्याचे नाव नामदेव.

नामदेवांचा जन्म १२७० चा. परंपरेने त्यांचे गाव कयाधू नदीकाठचे नर्सी बामणी, आजचे नर्सी नामदेव. वडील दामाशेटी, आई गोणाई. घरात पंढरीची वारी होती आणि त्यांचे पुढचे आयुष्य बहुतेक पंढरपुरातच गेले. विठ्ठल याच्या हातचे जेवतो, याच्याशी बोलतो, अशी त्यांची ख्याती झाली. अशी ख्याती झालेल्या माणसाला सहसा कोणी काही सांगायला जात नाही.

पण कथा अशी आहे, की तेरला गोरा कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली होती. ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडे होती, नामदेव होते. वयाने लहान असलेल्या मुक्ताबाईने गोरोबाकाकांना सुचवले, की यातली मडकी पक्की किती आणि कच्ची किती ते पाहून सांगा. गोरोबांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. बाकीचे शांत बसले. नामदेव चिडले. गोरोबांनी निकाल दिला, की एवढे एकच मडके कच्चे आहे.

२२ प्रतिज्ञा घेतलेल्या वाचकाला या कथांमधला देव नको असेल, तर तो खुशाल बाजूला ठेवावा. तरी बरेच उरते. प्रश्न काढला एका मुलीने. पारख केली एका कुंभाराने, आणि तीही पोथी उघडून नाही, तर भट्टीवरच्या रोजच्या कामातून आलेल्या जाणतेपणाने. शास्त्र येते कोणाला, हा मुद्दाच तिथे नव्हता.

नामदेव दुखावले. उठून पंढरपूरला आले, विठ्ठलाकडे गाऱ्हाणे केले. तिथूनही उत्तर तेच मिळाले, की गुरू कर. मग ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. औंढा आज हिंगोली जिल्ह्यातच आहे, म्हणजे जन्मभूमीच्या मुलखातच त्यांना शिकायला परत यावे लागले. विसोबा शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांना हे खपेना. तेव्हा विसोबांनी सांगितले, की जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवांना तशी जागा सापडली नाही. मूर्तीपुरता देव मानणाऱ्या माणसाला हा धडा होता, आणि तो त्यांनी घेतला. ज्या विसोबांवर ते आधी चिडले, त्यांनाच गुरू मानले.

आपल्याकडे याला जुनी, रीतसर वाट आहे. वर्षावास संपताना भिक्खू पवारणा करतात. प्रत्येक जण, अगदी ज्येष्ठ थेरही, हात जोडून संघाला विनंती करतो, की माझ्यात दोष पाहिला असेल, ऐकला असेल, नुसती शंका आली असेल, तरी सांगा. वज्जींची भरभराट का टिकते हे सांगताना भगवंतांनी पहिले कारण दिले ते वारंवार एकत्र जमण्याचे. नुसते जमून मात्र भागत नाही, म्हणून पवारणा. नामदेवांना ही परंपरा माहीत होती असा दावा मी करत नाही. कुंभाराच्या अंगणात तीच गरज दुसऱ्या वाटेने पुरी झाली, एवढेच.

पुढे चंद्रभागेच्या वाळवंटात त्यांनी जे कीर्तन उभे केले, त्यात एकेका धंद्याचा माणूस होता. गोरा कुंभार, नरहरी सोनार, सावता माळी, सेना न्हावी. नामदेवांच्या घरी राबणारी जनाबाई दळण-कांडणाच्या शब्दांत रचना करी, आणि त्या रचना इतरांच्या बरोबरीने गायल्या जात. सावता मळ्यातल्या भाजीची भाषा बोले, नरहरी सोनारकामाची. ज्याचे काम, त्याची भाषा. संस्कृत येत नाही म्हणून तिथे कोणी गप्प बसत नव्हते. ज्ञानेश्वरांचे चरित्रही नामदेवांनीच आदि, तीर्थावळी आणि समाधी या प्रकरणांत नोंदवून ठेवले. पुढे ते उत्तरेत गेले. पंजाबात घुमान इथे त्यांचे स्थान आहे आणि गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत.

आता चोखामेळा. वाळवंटात ते नामदेवांच्या मेळ्यात होते, मंदिरात नव्हते. चर्चेत बरोबरी आणि उंबऱ्याशी अस्पृश्यता, हे दोन्ही एकाच गावात एकाच वेळी चालले. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांसह गाडले गेले. नामदेव मंगळवेढ्याला गेले, ढिगाऱ्यातून त्यांची हाडे शोधली, पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. मंदिराचे दार अस्पृश्यांना उघडले ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. मध्ये ६०९ वर्षे गेली.

बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनाच्या वादात संतांविषयी सुनावले होते, की त्यांचा झगडा माणूस आणि देव यांच्या नात्यापुरता राहिला, माणसा-माणसातल्या विषमतेवर त्यांनी मोहीम काढली नाही. नामदेवांनाही हे लागू होते. त्यांनी दार फोडले नाही. पण त्याच बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या मूळ शोधावरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. एक बाजू सांगताना दुसरी गाळणारे आपल्यातही आहेत, म्हणून दोन्ही इथे लिहिल्या.

१३५० मध्ये नामदेव गेले. शिंप्याला मंदिरात जाता येत होते. तरी परंपरा सांगते, की त्यांनी स्वतःसाठी जागा मागितली ती महाद्वाराच्या पायरीत. नामदेव पायरी तीच. चोखोबांची समाधी तिच्या समोर आहे.