भास्कराचार्य आणि त्यांचे वकील

ग्रहण आलें कीं नांदेडास गोदावरीच्या घाटावर स्पर्शाचें व मोक्षाचें स्नान करणारांची दाटी होते, आणि घरोघरीं गरोदर स्त्रियांस विळी-सुरीस हात लावूं देत नाहींत. तिकडे लातुरास परीक्षेच्या वर्गांत बसलेला विद्यार्थी, चंद्रावर पडते ती पृथ्वीची छाया होय, असें उत्तर लिहून पुरे गुण मिळवितो, आणि घरीं येऊन तोहि वेध पाळतो. सन २०२५ च्या भाद्रपद पौर्णिमेस चंद्र सुमारें ८२ मिनिटें पूर्ण छायेंत होता. धर्म व विज्ञान यांचें जुनें भांडण उकरून काढण्यास तेवढा वेळ पुष्कळ होतो. ह्या भांडणांत भास्कराचार्यांस हटकून साक्षीस बोलावितात. एक पक्ष म्हणतो, न्यूटनाचा शोध आमच्या आचार्यांनीं पांचशें वर्षें आधींच लावला होता, तेव्हां पाश्चात्यांकडून शिकण्यासारखें कांहीं नाहीं. दुसरा म्हणतो, तेहि अखेर पंचांग करणारे जोशीच, राहु-केतूंच्या गोतावळ्यांतले. वकिलीच्या धंद्यांत आम्हांस असें नेहमीं आढळतें कीं, ज्या कागदावर दोन्ही बाजू हक्क सांगतात तो दोघांपैकीं कोणीं पुरता वाचलेला नसतो. म्हणून हा कागद आज वाचकांपुढें उलगडतों.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ सालीं, शांडिल्य गोत्रांत झाला. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरु. सह्याद्रीच्या आश्रयानें असलेलें विज्जडविड हें आपलें गांव म्हणून ते स्वतः सांगतात. हें गांव म्हणजे विजापूर, असें कोणी म्हणतात. कोणी चाळीसगांवाजवळचें पाटण म्हणतात. कोणी आमचें बीड म्हणतात. बीड ठरलें तर मराठवाड्याच्या ह्या वृत्तपत्रास आनंद होईल हें उघड आहे, आणि म्हणूनच त्या निकालावर सही करण्यास आमचा हात धजत नाहीं. लीलावतीच्या घटिकापात्रांत मोतीं पडून तिच्या लग्नाचा मुहूर्त टळल्याची गोष्ट सर्वांस तोंडपाठ आहे. पण ती इ. स. १५८७ च्या सुमारास फैजीनें केलेल्या फारशी भाषांतराबरोबर पुढें आली, म्हणजे ग्रंथानंतर चारशेंहून अधिक वर्षांनीं. अशा साक्षीस कोणतें न्यायासन उभें करील?

छत्तिसाव्या वर्षीं, इ. स. ११५० सालीं, त्यांनीं सिद्धांतशिरोमणि रचिला. त्याचे भाग चार : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय. पहिल्या दोहोंची कीर्ति मोठी आहे, पण आमच्या वादाचें मर्म गोलाध्यायांत आहे. पृथ्वी पन्नास कोटि योजनें पसरलेली, मध्यें मेरु, खालीं शेष, असें पुराणांचें भुवनवर्णन तेव्हांहि सर्वमान्य होतें. आचार्यांनीं त्याची उलटतपासणी केली. पृथ्वी आरशासारखी सपाट असेल तर उंचावर फिरणारा सूर्य देवांप्रमाणें मनुष्यांसहि सदा कां दिसत नाहीं? मेरूच्या आड गेल्यानें रात्र होते म्हणावें, तर मध्यें उभा असलेला तो सोन्याचा पर्वत कां दिसत नाहीं? पृथ्वीस आधार शेषाचा, तर शेषास कोणाचा? त्यासहि दुसरा आधार कल्पिला तर ही परंपरा संपत नाहीं. आणि शेवटच्यास स्वतःच्या शक्तीनें राहतां येत असेल, तर ती शक्ति पहिल्या पृथ्वीसच कां न द्यावी? पृथ्वी सपाट भासते याचें कारण मनुष्य लहान आहे आणि मोठ्या वर्तुळाचा शंभरावा अंश सरळच दिसतो. परिघ हवा असेल तर दक्षिणोत्तर असलेल्या दोन नगरांमधील अंतर मोजावें, त्यांच्या अक्षांशांतील फरक घ्यावा आणि त्रैराशिक मांडावें. त्यांच्या हिशेबानें परिघ ४९६७ योजनें होतो. कोठें पन्नास कोटि आणि कोठें हा आंकडा!

ही तपासणी केवळ परपक्षाची नव्हती. गोलाच्या पृष्ठफळाविषयीं लल्लाचार्यांसारख्या पूर्वसूरींनीं दिलेली रीति चुकीची आहे, हें त्यांनीं नांव घेऊन दाखविलें.

ग्रहणाच्या प्रकरणीं मात्र आचार्यांची खरी कसोटी लागली. चंद्रग्रहणाचा स्पर्श चंद्रबिंबाच्या पूर्वेस होतो, सूर्यग्रहणाचा सूर्यबिंबाच्या पश्चिमेस. अर्धवट ग्रासलेल्या चंद्राचीं शृंगें बोथट आणि ग्रहण दीर्घ. सूर्याचीं शृंगें तीक्ष्ण आणि ग्रहण अल्प. अर्थात् चंद्रास झांकणारी वस्तु मोठी, सूर्यास झांकणारी लहान. एकच राहु दोहोंस गिळतो, तर हे भेद कां पडावे? येथवरचा युक्तिवाद कोणत्याहि वरिष्ठ न्यायालयांत टिकेल. पण वेद, स्मृति व पुराणें राहूचें नांव घेतात, त्यांची वाट काय? आचार्यांनीं तडजोड काढली कीं, ब्रह्मदेवाच्या वरानें राहु चंद्रग्रहणांत भूछायेंत शिरतो आणि सूर्यग्रहणांत चंद्रांत. गणितास ह्या राहूची कवडीचीहि गरज नाहीं. त्यास दारांतून बाहेर घालवून खिडकींतून आंत घेतला आहे. हा जागा सोडून देणारे त्यांचे चाहते आणि तेवढाच वाचणारे त्यांचे टीकाकार, दोघेहि सारखेच अपराधी आहेत. आमच्या मतें ही तडजोड नसती केली तर बरें झालें असतें. पण बाराव्या शतकांतील एका ब्राह्मण पंडितास ती कशासाठीं करावी लागली, हें ज्याच्या घरीं आजहि वेध पाळतात त्यानें तरी चढ्या आवाजांत विचारूं नये.

प्रमाणाच्या बाबतींत त्यांनीं घातलेली मर्यादा आम्हांस अधिक मोलाची वाटते. गणितांत उपपत्तीवांचून आगमास किंमत नाहीं, असें त्यांनीं आपल्याच ग्रंथावरील टीकेंत मांडलें. परंतु ग्रहांच्या कल्पांतील भगणसंख्या एका मनुष्याच्या आयुष्यांत वेध घेऊन सिद्ध होणें शक्य नाहीं, कारण शनीची एक फेरीच तीस वर्षांची आणि कांहींची गति तर त्याहून कितीतरी मंद. म्हणून तेथें आगम घ्यावा लागतो, हेंहि त्यांनीं मोकळेपणानें सांगितलें. कोणती गोष्ट सिद्ध केली आणि कोणती विश्वासावर घेतली, हें ज्याच्या कैफियतींत वेगळें दाखविलेलें असतें असा पक्षकार विरळा.

आतां न्यूटनाचा दावा. पृथ्वी जड वस्तूंस आपल्याकडे ओढते, हें आचार्यांनीं सांगितलें खरें. त्यांच्याही पूर्वीं ब्रह्मगुप्तानें तें सांगितलें होतें. परंतु तेंच आकर्षण चंद्रास फिरवितें, आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत तें घटतें, हा इ. स. १६८७ चा सिद्धांत त्यांच्या ग्रंथांत नाहीं. त्यांची पृथ्वी स्थिर आहे आणि सूर्य तिच्याभोंवतीं फिरतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची भूमि हादरून हजारों माणसें दगडमातीखालीं गेलीं, त्याचें कारणहि तेथें शोधूं नये. स्वदेशाभिमान आम्हांसहि आहे. पण खोट्या दस्तऐवजावर मिळविलेली डिक्री पुढच्या न्यायालयांत फिरते.

आचार्यांच्या मागें हा वाद आमच्याच गोदाखोऱ्यांत चालला. पार्थपुरचे, म्हणजे बहुधा आजच्या परभणी जिल्ह्यांतील पाथरीचे, ज्ञानराज यांनीं इ. स. १५०३ च्या सुमारास सिद्धांतसुंदर लिहून पुराणांचा व सिद्धांतांचा विरोध मिटविण्याचा यत्न केला आणि पृथ्वीच्या पौराणिक आधारांस पुन्हा जागा दिली. त्यांचेच पुत्र सूर्यदास यांनीं मात्र भास्कराचार्यांच्या लीलावतीवर व बीजगणितावर टीका लिहिल्या. एका घरांतला हा मतभेद आजच्या पक्षांहून सभ्य होता. पुढें इ. स. १८३६ सालीं सुबाजी बापू यांनीं सिहोरचा इंग्रज अधिकारी विल्किन्सन याच्या आश्रयानें पुराणें, सिद्धांत आणि कोपर्निकस यांची तुलना चक्क मराठींत मांडली.

इ. स. ११८३ सालीं, एकूणसत्तराव्या वर्षीं, आचार्यांनीं करणकुतूहल हा पंचांगगणिताचा ग्रंथ केला. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यादवराजा जैत्रपालाच्या पदरीं पंडितांत मुख्य झाले, आणि नातू चांगदेव सिंघणाच्या दरबारीं ज्योतिषी. ह्या चांगदेवानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं पाटण येथें मठ स्थापिला. त्याचा शिलालेख तेराव्या शतकाच्या आरंभींचा असून डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो उजेडांत आणिला. लेख संस्कृतांत आहे. पण शेवटीं देणग्यांचा तपशील येतो तेव्हां भाषा मराठी होते. बाजारांत येणाऱ्या मालावर ग्राहकाकडून सरकारांत जमा होणारें उत्पन्न मठास दिलें आहे, आणि घाण्यांवरचें तेलहि.