शुश्रूषा करणारीलाच दोष का?

महाडची एमआयडीसी आमच्या बिरवाडीला खेटून आहे. इथल्या आणि आसपासच्या बौद्धवाड्यांत कोणाचा नवरा शिफ्टला, दीर मुंबईला, नणंद सासरी. अंथरुणाला खिळलेल्या सासू-सासऱ्यांचे सारे चाळिशी-पन्नाशीतली एक बाई करते. औषधपाणी, हगणे-मुतणे, रात्रीची जागरणे. मुंबईकर शनिवारी येतात, रविवारी जातात. आणि म्हातारे माणूस गेले की पहिला सवाल तिलाच: वेळेवर दवाखान्यात का नेले नाही? असा सवाल कानी पडला की आम्हाला माईसाहेब आठवतात.

माईसाहेबांचा, म्हणजे डॉ. शारदा कबीर यांचा जन्म २७ जानेवारी १९०९ चा. फार थोड्या मुली डॉक्टर होत त्या काळात त्यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून एम.बी.बी.एस. केले. डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात त्या काम करीत. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत परमपूज्य बाबासाहेबांशी त्यांचा नोंदणी विवाह झाला. त्या ३९ वर्षांच्या, बाबासाहेब ५७ वर्षांचे. मधुमेह आणि संधिवाताने बाबासाहेबांचे शरीर पोखरले होते, पायांच्या वेदनांनी झोप लागत नव्हती. त्यात राज्यघटनेच्या मसुद्याचे काम. पथ्याचे जेवण, इन्सुलिन, वेळच्या वेळी औषधे हे माईसाहेबांनी साडेआठ वर्षे सांभाळले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांसोबत त्यांनीही धम्मदीक्षा घेतली.

६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. समाज पोरका झाला आणि त्या दुःखाने माईसाहेबांवरच बोट रोखले. त्या जन्माने सारस्वत ब्राह्मण, एवढेही संशयाला पुरले. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी कुजबुज थांबली नाही. आपल्या धम्मग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी माईसाहेबांच्या आणि डॉ. मालवणकरांच्या उपचारांचे ऋण मानले होते. पण १९५७ साली ग्रंथ निघाला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. ज्याची सेवा केली त्याने दिलेली पावतीसुद्धा लोकांपर्यंत पोहोचली नाही!

पुढची अनेक वर्षे माईसाहेब सार्वजनिक जीवनापासून दूर राहिल्या. पँथरच्या तरुणांनी त्यांना पुन्हा चळवळीत आणले. १४ एप्रिल १९९० रोजी बाबासाहेबांचे भारतरत्न त्यांनी स्वीकारले. २९ मे २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

माईसाहेब डॉक्टर होत्या, तरी त्यांना हे भोगावे लागले. मग आमच्या वाडीतल्या अर्धशिक्षित सुनेने कोणाकडे दाद मागावी? वर्षानुवर्षे जागलेली ती बाई माणूस गेल्यावर रिकामी होते. तिलाही शोक असतो. पण तिला रडायला सवड मिळत नाही, कारण तिला जाब द्यायचा असतो. लांब राहिलेल्यांना आपली गैरहजेरी टोचत असते आणि ते टोचणे दोष होऊन तिच्या माथी येते. भाऊ-बहिणींची घरे तुटतात ती इथेच.

तथागतांनी अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले, उचलून नीट निजवले आणि एकमेकांची शुश्रूषा करण्याचा दंडक भिक्खूंना घालून दिला. एवढेच नव्हे, तर मेलेल्या भिक्खूचे चीवर आणि पात्र त्याची शुश्रूषा करणाऱ्याला द्यावे, असा विनयाचा नियम आहे. सेवेची जाहीर नोंद ठेवणारा हा धम्म आपला आहे.

म्हणून आमची गावच्या शाखेला आणि मुंबई मंडळाला विनंती आहे. पुण्यानुमोदनाच्या सभेत दिवंगतांवर भाषणे होतात. तिथे ज्या बाईने, ज्या मुलाने सेवा केली त्याचे नाव घेऊन सर्वांसमोर आभार माना. आणि मुंबईकर बंधूंनो, माणूस जिवंत असतानाच आठ दिवसांची रजा टाकून या, तिला माहेरी जाऊ द्या. मग सवाल विचारायची वेळच येणार नाही. जयभीम!